पराक्रम नव्हे, दिनक्रम

महिनोन्‌महिने पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगरातून चालणाऱ्या माणसांचा विषय निघाला की आपल्या बैठकीत दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, "पोट भरलेल्यांचे चोचले आहेत सगळे." दुसरा म्हणतो, "वा, काय मर्दानी काम आहे!" पहिल्या सुरात तुच्छता आहे, दुसऱ्यात कौतुक आहे, पण दोघांची समजूत एकच आहे. लांब पल्ल्याची पायवाट ही रोजच्या जगण्याबाहेरची, असामान्य माणसांची गोष्ट आहे, असे दोघेही धरून चालतात. ही समजूत मला खोटी वाटते. नुसती खोटी असती तर मी लेखणी हाती घेतली नसती. ती नुकसान करणारी आहे, आणि ते नुकसान कुणाचे होते हेही ठरलेले आहे.

उदाहरणासाठी अमेरिकेतली ॲपलॅशियन पायवाट घेऊ. दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेकडच्या मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत ती जाते. लांबी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आणि वाटेत चौदा राज्ये. झाडांवर, खडकांवर पांढऱ्या रंगाचे उभे पट्टे मारलेले असतात, सुमारे पाच सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच. त्या खुणांमागे चालत राहायचे. एका दमात ती पार करायला साधारण पाच ते सात महिने लागतात. पुरी करण्याच्या इराद्याने निघालेल्यांपैकी साधारण चारांत एकच शेवटपर्यंत पोहोचतो.

हा शेवटचा आकडा सांगितला की लोकांचे डोळे विस्फारतात. चारांत तिघे हरले म्हणजे रस्ता किती भयंकर असेल! अस्वले असतील, कडे असतील, वादळे असतील. आहेत, सगळे आहे. पण अस्वलामुळे घरी परतणारे विरळा. बाकीचे कशाला कंटाळतात ते समजून घ्यायचे असेल तर त्या वाटेवरचा एक साधा दिवस पाहिला पाहिजे.

उजाडताच उठायचे. रात्रभर पाऊस झाला असेल तर तंबू ओलाच गुंडाळायचा. अंगावर कोरडे कपडे असतात, ते फक्त झोपण्यासाठी. ते उतरवून पिशवीत जपून ठेवायचे आणि कालचे ओले, थंडगार कपडे पुन्हा चढवायचे. झाडाच्या फांदीला अस्वलाच्या भीतीने टांगलेली शिध्याची पिशवी खाली उतरवायची. ओटचा रवा गरम पाण्यात कालवून खायचा आणि भांडे लगेच पुसून घ्यायचे. झऱ्यावर पाणी भरायचे, ते गाळायचे किंवा त्यात औषध टाकायचे. कारण एकदा पोट बिघडले की आठवडा गेला. मग चालायचे. दुपारी पुन्हा पाणी, पुन्हा खाणे. पायाला कुठे घासते आहे असे वाटले की तिथेच बसून मोजा काढायचा आणि फोड येण्याआधी पट्टी लावायची. शौचाला जायचे तर पाण्यापासून साठेक मीटर दूर, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा खणून, आणि वर माती लोटून. संध्याकाळी निवारा. तीन भिंतींची, एका बाजूने उघडी अशी लाकडी ओसरी. असे अडीचशेच्या वर निवारे या वाटेवर आहेत. तिथे उंदरांचा सुळसुळाट, म्हणून अन्नाची पिशवी ज्या दोरीला लटकवायची तिच्यावर मध्ये पत्र्याचा डबा ओवलेला असतो. उंदीर दोरीने उतरला तरी डब्यावरून घसरतो. रांधायचे, खायचे, घासायचे, टांगायचे. रात्री नऊ म्हणजे तिथली मध्यरात्र. दुसऱ्या दिवशी हेच. तिसऱ्या दिवशी हेच. दीडशे दिवस हेच.

तीन ते पाच दिवसांनी एखादे गाव गाठायचे. ते वाटेपासून दूर असते, म्हणून सडकेवर उभे राहून कुणाच्या तरी गाडीतून जायचे. तिथे कपडे धुवायचे. जवळचे सगळेच कपडे धुवायला टाकावे लागतात, म्हणून धुलाईच्या दुकानात पुरुष अन् बाया अंगावर नुसता रेनकोट घालून बाकावर बसलेल्या दिसतात. मग पुढच्या मुक्कामांचा शिधा. माणशी दिवसाला पाऊण ते एक किलो, शेवया, सुका बटाटा, शेंगदाण्याचे लोणी, मैद्याच्या पोळ्या. जास्त घेतले तर पाठ मोडते, कमी घेतले तर शेवटचा दिवस उपाशी जातो. नेमके किती घ्यायचे, हाच तिथला सर्वांत मोठा हिशेब.

आता वाचकांनी प्रामाणिकपणे सांगावे. यात पराक्रम कुठे आहे? पाणी भरणे, गाळणे, रांधणे, भांडी घासणे, कपडे धुणे, वाळवणे, उंदरांपासून धान्य राखणे, महिन्याचा किराणा मोजून आणणे, आजारपण येण्याआधी ओळखणे, आणि कंटाळा आला तरी दुसऱ्या दिवशी तेच पहिल्यापासून करणे. या कामांची यादी मी माझ्या वर्गातल्या सातवीच्या मुलींना, वाटेचे नाव न सांगता, फळ्यावर लिहून दिली आणि विचारले, हे कोण करते? एक मुलगी चटकन म्हणाली, "टीचर, ये तो अम्मी का टाइमटेबल है." मला जे सांगायला तीन पाने लागत आहेत ते तिने एका वाक्यात सांगितले.

त्या वाटेवर रुळणे म्हणजे या टाइमटेबलात रुळणे. पहिले तीन-चार आठवडे सर्वांत कठीण असतात. सुरुवातीला दिवसाला बारा-पंधरा किलोमीटरच निभतात, गुडघे सुजतात, झोप लागत नाही. सुरुवातीपासून पन्नासेक किलोमीटरवर नील्स गॅप नावाची खिंड आहे. तिथे पोहोचेपर्यंत कित्येकांना कळते की आपण घर सोडताना घरच पाठीवर घेतले. जास्तीची भांडी, जाड पुस्तके, चौथा सदरा, सगळे तिथून घरी पाठवले जाते. तिथल्या झाडावर लोकांनी फेकलेले बूट कित्येक वर्षे लटकत असत. काही जण स्वतःलाही तिथूनच घरी पाठवतात. जे टिकतात त्यांचे पाय महिन्याभरात घट्ट होतात, रोजचे अंतर पंचवीस-तीस किलोमीटरवर जाते, आणि मग सुरू होतो खरा शत्रू: तोचतोपणा. डोंगर तेच, झाडे तीच, शेवया त्याच. जो 'विजय' मिळवायला आलेला असतो त्याला ही रोजची चाकरी अपमानासारखी वाटते. ज्याला चाकरी हेच जगणे आहे हे आधीपासून ठाऊक असते तो गुपचूप पुढे निघून जातो.

एमा गेटवुड अशीच निघून गेली. ओहायो राज्यातली शेतकरी घरातली बाई, जन्म 1887 चा. अकरा मुलांची आई. नवरा बेदम मारायचा. कित्येक वर्षे सोसल्यावर 1941 मध्ये ती कायद्याने त्याच्यापासून मोकळी झाली. एका मासिकात या पायवाटेबद्दल वाचले आणि 1954 मध्ये उत्तरेकडून चालायला लागली. रस्ता चुकली, चष्मा फुटला, वनखात्याच्या लोकांनी घरी जायचा सल्ला दिला. ती घरी गेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात दुसऱ्या टोकाकडून, जॉर्जियातून, पुन्हा निघाली. मुलांना एवढेच सांगितले की जरा फिरायला जाते. वय वर्षे 67. पायात कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली जाड कापडाची झोळी, आत एक लष्करी घोंगडी, एक रेनकोट आणि पावसापासून बचावाला न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. सगळे मिळून ओझे आठ-नऊ किलोच्या वर क्वचितच. सप्टेंबर 1955 मध्ये ती कटाडिनच्या माथ्यावर होती. एकाच हंगामात एकटीने ही सबंध वाट चाललेली ती पहिली स्त्री. पुढे ती वाट तिने आणखी दोनदा पुरी केली.

तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण चकित होतात. म्हातारी, तंबू नाही, नकाशा नाही, आणि जमले कसे? मला या चकित होण्याचेच नवल वाटते. अकरा मुलांचे घर आणि शेत ज्या बाईने चालवले तिला शिधा मोजता येत नसेल? रानातली कुठली भाजी खायची हे ठाऊक नसेल? पावसात, आजारात, मार खाऊनही पहाटे उठून चूल पेटवायची सवय जिला चाळीस वर्षांची, तिला दीडशे सकाळी उठायला कोण शिकवणार? तिच्याकडे साधने नव्हती हे खरे. तयारी मात्र त्या डोंगरातल्या कुठल्याही तरुणापेक्षा जास्त होती. ती तयारी घरात झाली होती, म्हणून कुणी ती मोजलीच नाही.

इथेच माझा मुख्य आक्षेप आहे. जे काम घरात बाई करते तेव्हा त्याला नाव नसते, तेच काम डोंगरात पुरुष करू लागला की त्याला 'कौशल्य' म्हणतात. पाणी गाळायला महागडी नळी येते, चहाला दोनशे ग्रॅमची चूल येते, ओझे कसे भरावे यावर पुस्तके निघतात. कौशल्य आहेच ते, मी नाकारत नाही. माझे म्हणणे एवढेच की ते आधीही कौशल्यच होते. त्याला पराक्रमाचा मुलामा दिला की दोन गोष्टी होतात. ज्यांना ते येते त्यांना वाटते, हे आपले काम नव्हे. ज्यांना येत नाही त्यांना वाटते, छाती असली की पुरे. पहिल्या कधी निघत नाहीत आणि दुसरे नील्स गॅपवरून परत फिरतात.

बरे, ही वाट मुळात पराक्रमासाठी आखलेलीही नव्हती. बेंटन मॅके नावाच्या वनशास्त्र जाणणाऱ्या नियोजनकाराने 1921 मध्ये तिचा आराखडा मांडला. शहरांतल्या आणि कारखान्यांतल्या कामाने पिचलेल्या माणसांना थोडक्या सुट्टीत मोकळी हवा, विश्रांती आणि सहजीवन मिळावे, हा त्याचा विचार होता. वाटेसोबत निवारे, सामुदायिक वस्त्या, शेतीच्या छावण्या असाव्यात असे त्याने सुचवले होते. 1937 मध्ये वाट सलग झाली. वस्त्या आणि छावण्यांचे स्वप्न मागे पडले. 1948 मध्ये अर्ल शेफर हा महायुद्धातून परतलेला सैनिक ती एका दमात चालला आणि तशी पहिली नोंद झाली. तेव्हापासून कोण पहिला, कोण लहान, कोण वेगवान याच्या याद्या वाढत गेल्या. सप्टेंबर 2024 मध्ये टारा डावर या तरुणीने तोवरच्या साऱ्या नोंदी मोडून ही वाट चाळीस दिवस आणि काही तासांत संपवली. मी तिचे मनापासून कौतुक करते. पण तिच्यामागे खाणे, कपडे, झोपेची जागा सांभाळणारी मंडळी होती हेही लक्षात ठेवते. घड्याळाशी शर्यत लावायची असेल तर दिनक्रम दुसऱ्या कुणाला तरी उचलावा लागतो. जगात सगळीकडे हाच नियम आहे.

आणि 'एकट्याची मोहीम' या शब्दांचे काय करायचे? झाडांवरचे ते पांढरे पट्टे आपोआप उमटत नाहीत. तीसेक क्लबांचे हजारो स्वयंसेवक दरवर्षी रंगाचे डबे, करवती, फावडी घेऊन येतात; पडलेली झाडे कापतात, पाण्याला वाट काढून देतात, निवाऱ्यांचे संडास साफ करतात. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळाने दक्षिणेकडचा शेकडो किलोमीटरचा भाग उद्ध्वस्त केला, तेव्हा तो मोकळा करायलाही स्वयंसेवक धावले. चालणाऱ्याचे नाव शिखरावरच्या छायाचित्रात येते, संडास साफ करणाऱ्याचे कुठेच येत नाही. वाटेवर रुळलेल्या माणसाची एक खूण म्हणजे हे त्याला दिसू लागते. तो निवाऱ्याच्या वहीत पुढच्यासाठी लिहून ठेवतो की अमुक झरा आटला आहे, तमुक ठिकाणी गांधीलमाश्या आहेत. गावात कुणी बोलावून जेवू घातले तर संकोच न करता जेवतो. आपण इतरांच्या मेहनतीवर चालतो आहोत, हे कळणे म्हणजेच तिथला संसार जमणे.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही त्या वाटेचे फार गोडवे गाता. तसे नाही. तिथे सगळे समान असतात, कुणी कुणाचा पगार विचारत नाही, एकमेकांना टोपणनावे देतात, वगैरे जे सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. पाच-सहा महिने बिनपगारी राहणे आणि कित्येक हजार डॉलर खर्चणे कुणाला परवडते? चालणारे बहुतांश गोरे असतात. 2016 मध्ये रहावा हाइले ही एरिट्रियन वंशाची कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका एकटी ही वाट चालली. ओझे कमी करायला लोक दात घासायच्या ब्रशची दांडी कापतात. तिने मात्र कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके पाठीवरून नेली आणि निवाऱ्यांमध्ये ठेवली. तिने नंतर जे लिहिले त्यातला एक मुद्दा विसरता येत नाही. तिच्यासारख्यांचा जंगलातल्या वाटेवरचा अनुभव एकंदरीत बरा असतो. धास्ती असते ती शिधा भरायला ज्या गावांत उतरावे लागते त्या गावांची. म्हणजे पाहा, इतरांसाठी जो दिनक्रमातला आरामाचा दिवस, अंघोळ, गरम जेवण, धुतलेले कपडे, तोच हिच्यासाठी जपून वागण्याचा दिवस. भाड्याचे घर शोधताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज कसा बदलतो हे ज्यांनी ऐकले आहे, त्या आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आमच्या बाया पाण्यासाठी, सरपणासाठी, मजुरीसाठी पिढ्यान्‌पिढ्या चालतच आल्या; त्यांना पुन्हा चालायला काय सांगता? आक्षेप रास्त आहे. लादलेले चालणे आणि निवडलेले चालणे एक नव्हे. एमा गेटवुडने घरात जी कामे केली तीच डोंगरात केली. फरक इतकाच की तिथे ती कामे तिने स्वतःसाठी केली, स्वतःच्या मर्जीने केली आणि मार न खाता केली. हा 'इतकाच' फरक म्हणजे सगळे काही आहे. आणि त्या वाटेची दुसरी शिकवण पुरुषांसाठी आहे. तिथे प्रत्येकाला आपला शिधा आपण मोजावा लागतो, आपले भांडे आपण घासावे लागते. घरी पाण्याचा पेलाही हातात मागणारा माणूस तिथे पहाटे झऱ्यावर वाकतो आणि त्याची मर्दानगी कुठे कमी होत नाही.

याचा आपल्याशी संबंध काय, असे विचाराल तर सांगते. पूर्वी ज्या शाळेत होते तिथली सहल कोकणातल्या एका किल्ल्यावर गेली. मुले सरांबरोबर वर गेली. मुलींना आणि आम्हा शिक्षिकांना पायथ्याला बसवण्यात आले. कारण? "चढ अवघड आहे, आणि डबे सांभाळायला कुणी तरी हवेच." आम्ही पातेली लावली, पाणी भरले, पन्नास जणांचे जेवण मांडले, उन्हात दोन वेळा विहिरीपर्यंत जाऊन आलो. मुले उतरली, जेवली, आणि परतीच्या गाडीत त्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी रंगल्या. त्या दिवशी खाली झालेली मेहनत वरच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती. तरी वर गेल्याचा निबंध मुलांनी लिहिला आणि मुलींना लिहायला विषयच उरला नाही. कुणी वाईट हेतूने हे केले असे मी म्हणत नाही. 'अवघड' या शब्दाचा अर्थच आपण असा करून ठेवला आहे की रोज अवघड कामे करणारीला तो लागू होत नाही.

म्हणून पराक्रमाची भाषा आपण सोडली पाहिजे. आपल्या मुलींना अमेरिकेच्या डोंगरात पाठवा, असा माझा आग्रह नाही. पण त्यांना पायथ्याशी बसवू नका. त्यांना सांगा की जगातली सर्वांत लांब वाटही पाणी, शिधा, पाय आणि सकाळी उठणे एवढ्याच गोष्टींवर चालते, आणि यातल्या बहुतेक तुला येतात. मुलांनाही सांगा की तुला यातले फार थोडे येते. आधी आपला डबा आपण भर, आपली पाण्याची बाटली आपण भर, खाऊन झाल्यावर ताट आपण घास, मग किल्ल्याच्या गोष्टी कर. पुढच्या सहलीला डबे प्रत्येकाच्या पाठीवर असू द्यात. म्हणजे खाली सांभाळायला कुणी मागे राहण्याची गरजच उरणार नाही, आणि निबंध सगळ्यांनाच लिहावा लागेल.